तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांची भाषा येत नसताना

परदेशातल्या शाळेत शिकवून आले हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मुलांना तुमची भाषा येत नाही, तुम्हाला त्यांची येत नाही, मग इंग्रजी शिकवलंत कसं?’ विचारणाऱ्यांतले बरेच जण स्वतः शिक्षक होऊ घातलेले असतात, आणि त्यांच्या आवाजातली धाकधूक मला चांगली ओळखू येते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी तेव्हा छात्राध्यापिका होते. आठ आठवडे, बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा वर्ग, आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या मार्गदर्शक बाई. पहिल्या पाठाचं टाचण चाळीस मिनिटांचं काढलं होतं. ते पंचविसाव्या मिनिटालाच संपलं. मी समजावत गेले, मधूनमधून ‘डू यू अंडरस्टँड?’ विचारत गेले आणि मुलं माना हलवत गेली. मग सरावाला वाक्यं दिली, तेव्हा दोघा-तिघांशिवाय कुणाचीच पेन्सिल हलेना.

तास संपल्यावर बाईंनी वही माझ्यापुढे ठेवली. शेरा काहीच नव्हता, नुसते आकडे होते. प्रश्न विचारल्यापासून मी पुन्हा तोंड उघडेपर्यंत किती सेकंद गेले, ते. एक. एक. अर्धा. एक. पानभर तेच. उत्तराची वाट मी एकदाही पाहिली नव्हती.

नंतर वाचनात आलं की मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांना हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तोच थांबा तीन सेकंदांच्या वर गेला की मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागतात. माझ्या मुलांना तर प्रश्न ऐकायचा, आपल्या भाषेत लावायचा, उत्तर शोधायचं, ते इंग्रजीत जुळवायचं आणि वर चारचौघांत म्हणायचा धीर करायचा होता. एवढं सगळं सेकंदात कोण करेल? त्या दिवसापासून मी प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजायला लागले. वर्गातले ते पाच अंक फार लांब असतात. तिसऱ्याला वाटतं, झालं, कुणालाच येत नाही. आणि चौथ्याला कुठेतरी हात वर जातो.

‘समजलं का?’ हा प्रश्न मी बंदच केला. त्याला ‘हो’ म्हणणं हा मुलांचा शिष्टाचार असतो, त्यातून शिक्षकाला काहीच कळत नाही. सूचनाही बदलल्या. आधी कागद वाटून मग काय करायचं ते सांगितलं तर सगळे कागदात डोकं घालतात. म्हणून कागद हातातच ठेवायचा, एका मुलाला पुढे बोलावून त्याच्याबरोबर एक जोडी करून दाखवायची, आणि मगच वाटायचे. सगळ्यात जास्त वेळ यानेच वाचला.

वर्गात फक्त इंग्रजीच, असं आम्हाला शिकवलं होतं. सुरुवातीला मुलं आपापसांत त्यांच्या भाषेत कुजबुजली की मी ओठांवर बोट ठेवायचे. मग एकदा नीट पाहिलं. एक मुलगा शेजाऱ्याला वहीतलं वाक्य दाखवून काहीतरी समजावत होता, आणि शेजाऱ्याने लगेच आपली चूक खोडली. मी गप्प करत होते ती कुजबुज म्हणजेच अभ्यास होता. आज माझं मत पक्कं आहे: ‘खुर्ची’ दाखवता येते, ‘प्रामाणिक’ दाखवता येत नाही. अशा शब्दाला मुलांच्या भाषेतला एक शब्द मिळाला तर तो घ्यावा आणि पुढे जावं. मीही त्यांच्या भाषेतले पंधरा-वीस शब्द शिकले. ‘पान’, ‘जोडी’, ‘थांबा’, ‘पुन्हा’ असे. माझे चुकलेले उच्चार मुलं फार मायेने दुरुस्त करायची.

उच्चारांचं एक सांगायलाच हवं. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी, हे दोन शब्द मी म्हणून दाखवले आणि एका मुलीने सांगितलं, दोन्ही एकच ऐकू येतात. बरोबर होतं तिचं. आपल्या ‘व’मध्ये दोन्ही सामावतात, त्यामुळे माझ्या कानाला तो फरक कधी जाणवलाच नव्हता. त्या रात्री आरशासमोर बसून शिकले: एकाला ओठांचा चंबू करायचा, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. दुसऱ्या दिवशी मुलांनाही तेच दाखवलं. स्वतः शिकून भाषा मिळवलेल्या शिक्षकाला हे दाखवता येतं, कारण त्याला ते कुठे अडतं हे ठाऊक असतं.

याच वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. पाच आठवडे ती एक शब्द बोलली नव्हती. नवी भाषा शिकताना आधी असा मुका काळ जाऊ शकतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. रोज समोर बघणं मात्र अवघड होतं. तिची वही नीटनेटकी असायची. मी तिला कधी उभं केलं नाही, नजर मात्र तिच्यावरून दर वेळी फिरवायचे.

सहाव्या आठवड्यात फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘आय हॅव लॉस्ट माय की.’ ‘आय लॉस्ट माय की यस्टरडे.’ टाचण काढताना माझ्या लक्षात आलं होतं की मराठीत हा फरक आपण जवळपास तसाच करतो: ‘माझी किल्ली हरवली आहे’ म्हटलं की ती अजून सापडलेली नाही, ‘काल किल्ली हरवली’ म्हटलं तर पुढचं काही सांगता येत नाही. मुलांच्या भाषेत अशी सोय नव्हती. मी खिसे चाचपले, पर्स उलटी केली, पहिल्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, आत्ता किल्ली माझ्याकडे आहे? ‘नो!’ सगळा वर्ग ओरडला. मग दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. आणि आत्ता?

दोघं ‘नो’ म्हणाले. एक जण ‘येस’ म्हणाला. मग सगळे थांबले. मी मोजत होते. एक, दोन, तीन. पुढच्या बाकावरची मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली, उत्तर तिथून येईल म्हणून. चार. पाच. मी तरीही बोलले नाही.

‘मेबी,’ तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

मी खडू उचलला आणि तो शब्द दुसऱ्या वाक्याखाली लिहिला.