एकदाच खणायचं: लीथपर्यंत पोचलेली ट्राम

दर रविवारी मामाचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय गं, टाकले का रूळ?" मी म्हणायचे, "मामा, रूळ टाकणं हे शेवटचं काम. अजून खाली काय आहे तेच बघतोय." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. हे असं जवळजवळ साडेतीन वर्षं चाललं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराची ट्राम लीथ या बंदराच्या भागापर्यंत नेण्याच्या कामाबद्दल कुणी विचारलं, तर आजही मला हेच उत्तर पहिल्यांदा सुचतं.

मी स्थापत्य अभियंता आहे. रस्त्याखालच्या पाणी, गॅस, सांडपाणी, वीज आणि टेलिफोनच्या वाहिन्या शोधायच्या आणि आड येणाऱ्या हलवायच्या, हे माझं काम. नोव्हेंबर २०१९ मध्ये खोदकाम सुरू झालं तेव्हापासून मी या कामावर होते. विमानतळावरून येणारी ट्राम शहराच्या मध्यात यॉर्क प्लेसला येऊन थांबायची. ती पुढे लीथ वॉक या लांबलचक उताराच्या रस्त्यानं बंदराकडे आणि तिथून न्यूहेवनपर्यंत न्यायची होती. अंतर ४.६९ किलोमीटर, नवे थांबे आठ आणि खर्चाची मर्यादा २० कोटी ७३ लाख पौंड. तुम्ही म्हणाल, पाच किलोमीटरसुद्धा नाही, त्याला इतकी वर्षं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ट्राम आधीपासूनच न्यूहेवनपर्यंत जाणार होती. २००७ पासून त्यासाठी लीथ वॉक खणला गेला, वाहिन्या हलवल्या गेल्या, दुकानांपुढे कुंपणं उभी राहिली. मग कंत्राटाचे वाद झाले, खर्च हाताबाहेर गेला आणि २०११ मध्ये मार्ग यॉर्क प्लेसपर्यंतच आखडता घेतला. ३१ मे २०१४ ला ती १४ किलोमीटरची पहिली मार्गिका सुरू झाली, ७७ कोटी ६० लाख पौंड खर्चून. पण लीथच्या वाट्याला नुसते खड्डे आले होते. ट्राम आलीच नाही.

मी राहते त्या जुन्या दगडी इमारतीत सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच जिना आहे. वरच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्या अंगावरचं पिवळं जाकीट पाहिलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही परत आलात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्या लहान असताना याच रस्त्यावरून जुन्या ट्राम धावत होत्या. शहरातली शेवटची ट्राम १६ नोव्हेंबर १९५६ ला बंद झाली. आपल्या मुंबईची ३१ मार्च १९६४ ला झाली, म्हणजे दोन्ही शहरांनी थोड्याफार अंतरानं एकच निर्णय घेतला. आजींच्या त्या वाक्यामुळे मला पहिल्याच दिवशी कळलं, की इथे रस्त्यापेक्षा विश्वास दुरुस्त करणं जास्त अवघड जाणार आहे.

या वेळी कामाची पद्धत बदलली होती. आधी वाहिनीवाले येऊन खणणार, बुजवून जाणार, मग रूळवाले येऊन तेच पुन्हा खणणार, हे बंद. रस्त्याचा एक मोठा तुकडा ताब्यात घ्यायचा, त्याच्या पोटातलं सगळं एकदाच आवरायचं, त्यावर रूळ, फलाट, पदपथ पुरे करायचे आणि मगच तो तुकडा लोकांना परत द्यायचा. कंत्राटदारांनाही खोदकामाच्या आधी काही महिने बरोबर बसवून घेतलं होतं, म्हणजे अडचणी कागदावरच दिसाव्यात. याची किंमत अशी, की रस्त्याचा तो तुकडा फार दिवस बंद राहतो. लोकांना ते पटवून देणं कठीण असतं. मला मात्र हीच पद्धत बरोबर वाटली आणि आजही वाटते.

वाहिन्या का हलवायच्या, हा प्रश्न मामानंही विचारला होता. रुळांच्या काँक्रीटखाली पाण्याचा नळ राहिला आणि दहा वर्षांनी फुटला, तर तो दुरुस्त करायला ट्राम बंद ठेवून काँक्रीट फोडावं लागेल. म्हणून ट्राम जिथून जाते तो पट्टा खालून मोकळा करायचा, आणि जे आडवं जाणं टाळता येत नाही ते इतकं खोल न्यायचं, की दुरुस्तीला बाजूनं पोचता यावं.

आता, हे सगळं कुठे आहे ते सांगणारे नकाशे असतात. पण नकाशा म्हणजे कधीकाळी कुणीतरी काढलेली रेघ. खोली बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. नव्या वाहिन्यांना रंग तरी असतो, पाण्याची निळी, गॅसची पिवळी. जुने बिडाचे नळ सगळे सारखेच, गंजलेले, मातीच्याच रंगाचे. म्हणून आधी केबल शोधायचं यंत्र जमिनीवरून फिरवायचं, फवाऱ्यानं रस्त्यावर खुणा करायच्या, मग चाचणीचा खड्डा, तोही हातानं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी काढून दिलेल्या खुणेपासून हातभर अंतरावर आमच्या मुकादमानं एकदम पंजा वर केला. सगळे थांबले. मातीत काळं काहीतरी दिसत होतं, नकाशात नसलेली विजेची केबल, आणि ती जिवंत होती. तो काही बोलला नाही. गुडघ्यांवर बसला आणि लाकडी दांड्याच्या फावड्यानं तिच्या भोवतालची माती बाजूला करत राहिला. त्या दिवसापासून हातानं खणायला वेळ जातो अशी तक्रार मी कुणाचीही ऐकून घेत नाही.

कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटला तर जमिनीनं आम्हाला पूर्णच थांबवलं. तिथे साउथ लीथ पॅरिश चर्च आहे, आणि चर्चची जुनी दफनभूमी आजच्या रस्त्याखालपर्यंत पसरलेली होती. पुरातत्त्वज्ञांनी १३०० ते १६५० या काळातले ३६० हून अधिक जणांचे अवशेष तिथून हलक्या हातांनी काढले. त्याच रस्त्याखाली स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं एक मोठं हाडही सापडलं. बंदराचं गाव आहे, तरी ते हाड तिथे कसं आलं असेल यावर जेवणाच्या सुटीत कितीतरी दिवस गप्पा चालल्या. पण दफनभूमीच्या कामाच्या वेळी मात्र कुणी मोठ्यानं बोलत नसे. बाजूला तंबू उभारलेले, आत माणसं गुडघ्यांवर बसून ब्रशनं माती झाडताहेत आणि बाहेर आमची यंत्रं बंद. वेळापत्रक पुढे ढकललं गेलं. ते तसंच व्हायला हवं होतं.

पिलरिगची हकिगत मला सगळ्यात आवडते. लीथ १९२० पर्यंत वेगळं नगर होतं. एडिंबराच्या ट्राम रस्त्याखालच्या चरातून धावणाऱ्या पोलादी दोरानं ओढल्या जायच्या, आणि लीथनं १९०५ पासून विजेच्या ट्राम आणल्या. दोन्ही जिथे भेटायच्या ते ठिकाण पिलरिग. पुढे जायचं तर उतरायचं, चार पावलं चालायचं आणि दुसऱ्या ट्राममध्ये चढायचं, पाऊस असो वा वारा. लोक त्याला पिलरिगचा गोंधळ म्हणत. दोन्ही गावं एक झाल्यावर १९२२ मध्ये तो मिटला. आमच्या खोदकामात त्या दोराच्या ट्रामची मोठी चाकं वर आली आणि आता ती लीथ वॉकच्या कडेला मांडून ठेवली आहेत. मी कधीमधी त्यांच्यावरून हात फिरवते.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे काम थांबलं. उघडा पडलेला रस्ता, कुंपणं, आणि आत कुणीच नाही. खिडकीतून ते बघणं मला फार जड गेलं, कारण आजींसारख्या लोकांना वाटणारी भीती नेमकी हीच होती, की हे लोक पुन्हा अर्धवट टाकून जातील. उन्हाळ्यात काम पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी एका दुकानदारानं आम्हाला चहा आणून दिला. त्याच दुकानदाराशी पुढे वर्षभर माझे खटके उडाले. त्याचा माल उतरवायची गाडी दुकानापर्यंत येऊ शकत नव्हती. त्यासाठी रस्त्यालगत माल उतरवायच्या जागा केल्या होत्या, तिथून माणसं ढकलगाडीनं माल दुकानात पोचवायची. दुकानांसाठी मदतनिधीही होता. तरी गिऱ्हाईक कमी झालं ते झालंच. त्याची तक्रार खरी होती. माझ्याकडे तारखेशिवाय द्यायला काही नव्हतं, आणि तारीख एकदा पुढेही गेली होती.

रूळ टाकण्याचं काम बघायला मात्र गर्दी व्हायची. रस्त्यातल्या ट्रामचा रूळ आगगाडीसारखा नसतो. त्याच्या माथ्यावर खाच असते, चाकाची कड त्या खाचेत फिरते आणि बाकी रूळ रस्त्याच्या पातळीत बुडालेला असतो. त्याच्या भोवती रबराचं आवरण असतं. ट्रामला वरच्या तारेतून ७५० व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा, प्रवाह मिळतो आणि तो रुळांतून परत जातो. रूळ उघडा ठेवला तर थोडा प्रवाह जमिनीत निसटतो आणि शेजारचे लोखंडी नळ हळूहळू खातो. ज्या नळांसाठी आम्ही एवढे दिवस घालवले, त्यांचं रक्षण या रबराच्या कातडीवर आहे.

नव्या ट्राम घ्याव्या लागल्या नाहीत. पहिल्या वेळी न्यूहेवनपर्यंतच्या हिशेबानं २७ ट्राम घेतल्या होत्या, आणि मार्ग आखडल्यावर तेवढ्यांची गरज उरली नव्हती. एकेक ट्राम ४२.८ मीटर लांब, २५० माणसं घेणारी. २०२३ च्या मार्चमध्ये त्यातली एक रात्री लीथ वॉकवर उतरली, माणसाच्या चालीनं. आम्ही दोन्ही बाजूंनी चालत होतो, फलाटाची कड आणि दार यांतलं अंतर बघत, वळणावर शेपूट कुठवर झुलते ते बघत. वरच्या मजल्यांवर दिवे लागत गेले. लोक खिडक्यांत येऊन उभे राहिले, रात्रीच्या कपड्यांत, मुलं कडेवर घेऊन. साठहून अधिक वर्षांनी या रस्त्यावर ट्राम आली होती.

७ जून २०२३ ला, बुधवारी, ती प्रवाशांसाठी खुली झाली. काम ठरलेल्या पैशांत पुरं झालं.

त्यानंतर खरी परीक्षा चालवणाऱ्यांची. दिवसा दर सात मिनिटांनी ट्राम येते, विमानतळ ते न्यूहेवन तासाभराच्या आत. आगगाडीचा चालक सिग्नलच्या भरवशावर जातो, रस्त्यावरच्या ट्रामचा चालक मात्र समोर जेवढं दिसतं तेवढ्यावर. दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. तिचे सिग्नलही वेगळे, पांढरी रेघ आडवी असली की थांबा, उभी असली की निघा. माझी एक मैत्रीण ट्राम चालवते. ती म्हणते, "गाडीवाले चुकले तरी कुठे चुकणार ते कळतं. कानात गाणी लावून चालणाऱ्या माणसाचं काहीच सांगता येत नाही." २०१८ मध्ये सॉटनजवळ रुळ ओलांडणाऱ्या एका पादचाऱ्याचा ट्रामखाली मृत्यू झाला. तपासात दिसलं, की घंटेचा आवाज पुरेसा मोठा नव्हता. त्याआधी २०१७ मध्ये प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला एक सायकलस्वार तरुणी रुळापाशी पडली आणि तिचा मृत्यू झाला. ती रुळाची खाच मी वर किती सहज सांगितली. सायकलचं चाक तिच्यात अडकतं. खाच काटकोनात ओलांडायची, हे इथे सायकल शिकतानाच मुलांना शिकवायला हवं, असं मला फार वाटतं. लीथ वॉकला सायकलींसाठी वेगळी वाट केली आहे. काही ठिकाणी ती उगाच वळणं घेत जाते, आणि तेवढं काम आम्हाला अधिक चांगलं करता आलं असतं.

आजी आता आठवड्यातून दोनदा ट्रामनं जातात. फलाट आणि ट्रामचा तळ एका पातळीत असल्यामुळे त्यांची चाकांची पिशवी उचलावी लागत नाही. त्यांनी कधी आभार मानले नाहीत आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नाही. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आठ मिनिटं थांबले आज. फलकावर सात लिहिलं होतं." ट्राम येणार हे त्यांनी आता गृहीत धरलं आहे, आणि ती तक्रार ऐकून मला खूप बरं वाटलं.

आता पुढची मार्गिका ग्रँटनकडे न्यायचा विचार चालू आहे, आणि गावात दोन तट पडले आहेत. एक मार्ग रोझबर्नच्या जुन्या रेल्वेवाटेवरून. तिथे गाड्या कधीच बंद झाल्या, आता झाडी आहे, लोक चालतात, सायकली नेतात. दुसरा मार्ग रस्त्यावरून, डीन ब्रिज हा पूल ओलांडून ऑर्चर्ड ब्रे या चढाच्या रस्त्यानं. रेल्वेवाटेवर खाली वाहिन्यांची भानगड कमी, काम सोपं. डीन ब्रिज १८३१ मध्ये बांधून झालेला, आणि रस्त्याच्या पोटात काय काय असेल ते मी लीथमध्ये पाहिलं आहे. तरी माझं मत रस्त्याच्या बाजूनं आहे. ट्राम घरांच्या दारावरून जावी, झाडीतून नाही, आणि ती झाडीही लोकांची राहावी. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा खणणार?" गेल्या रविवारी ऑर्चर्ड ब्रेनं चढताना मी पदपथाच्या कडेनं चेंबरची झाकणं मोजत होते, पाण्याची किती, टेलिफोनची किती. अर्ध्या चढावर एका झाकणावरची अक्षरं पार झिजून गेलेली होती, आणि खाली काय असेल ते कळेना.