एमएम ५४०: स्टिअरिंग बॉक्स, एक प्लेट आणि चार नळ्या

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझी जुनी महिंद्रा जीप एमएम ५४० जागेवर वळवताना समोरून ‘कट्’ असा आवाज येतो आणि माझा संशय टाय रॉड एंडवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर आहे. संशय चुकला. दोन नवे एंड टाकले, पैसे गेले, आवाज होता तिथेच.

मग जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते शेवटी केलं. भाच्याला स्टिअरिंगवर बसवलं, इंजिन चालू, गाडी सिमेंटच्या अंगणात उभी आणि मी टॉर्च घेऊन उजव्या चाकामागे आडवा. त्याने स्टिअरिंग फिरवलं, तर पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून चाकांकडे जोर नेणारा हात) हलायच्या आधी बॉक्सच चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पत्र्यासकट हलला. बोटभर नाही, पण टॉर्चच्या उजेडात सरळ दिसेल इतका. माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून जागा बदलल्या आणि तो खाली गेला. खालूनच ओरडला, “मामा, चाक मागून वळून राहिलं, पयले पेटीच वळून राहिली!” ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते. एंड विकत घेण्याआधी करा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. गाडी म्हणजे २११२ सीसीचं, पूजो घराण्याचं डिझेल इंजिन असलेली जुनी महिंद्रा. आधीच्या मालकाने मूळ बॉक्स काढून कुठल्याशा भंगार गाडीचा चार बोल्टांचा, पंपाच्या तेलदाबावर चालणारा पॉवर बॉक्स बसवला आणि टायर मोठे टाकले. मूळ बॉक्सवर जोर लागायचा तो चालवणाऱ्याच्या खांद्यांचा, म्हणजे हात थकले की गाडीही थांबायची. पॉवर बॉक्सला थकवा नाही. चाक दोन दगडांत अडकलं तरी पंप ढकलतच राहतो, आणि चाक हललं नाही की तो सगळा जोर उलटा फिरून चार बोल्टांवाटे चेसिसमध्ये उतरतो. त्या चेसिसला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.

बॉक्स उतरवायला अर्धा दिवस गेला. आर्म पुलरने काढण्याआधी शाफ्ट आणि आर्म दोन्हीवर पंचाने खूण केली, नाहीतर परत बसवताना एक दात इकडेतिकडे होतो आणि स्टिअरिंग कायमचं वाकडं दिसतं. ग्रीस आणि डांबरासारखा थर डिझेलने धुतला, वायर ब्रश मारला आणि तडे शोधायची लाल डाय फवारली. पंधरा मिनिटांनी पुसून, तड्यात मुरलेली डाय बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला, तेव्हा वरच्या मागच्या बोल्टापासून निघालेली ३५ मिमीची लाल रेघ उमटली. दुसरा तडा खाली होता, आणि त्यावर कोणीतरी आधीच वेल्डिंग केलेलं होतं. ग्राइंडिंग नाही, खाच नाही, वरून नुसता जाड मणी ओढलेला. जखम न धुता मलम थापावं तसं. तडा त्या मण्याच्या बाजूने वळसा घालून पुढे गेला होता.

पण खरा दोष तडा नव्हताच. आमच्या चेसिसचा हा भाग आतून दुसरी पट्टी जोडून बंद पेटी केलेला आहे, आणि बोल्ट त्या पोकळ पेटीतून आरपार जातात. आत बोल्टाभोवती भिंतींना टेकू देणारी नळी नसेल तर नट आवळताना पेटीच्या भिंती तेलाच्या डब्यासारख्या आत दबतात. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण ती ताकद पत्रा वाकवण्यात जाते, बॉक्स धरण्यात नाही. काही दिवसांनी बोल्ट सैल, बॉक्स डुलायला लागतो, आणि भोकाच्या काठाला तडा. मग कोणी पुन्हा आवळतो आणि भिंत आणखी दबते. माझ्या चेसिसमध्ये चारपैकी एकाही बोल्टाला नळी नव्हती.

म्हणून काम ठरलं ते असं: आधी चार नळ्या, मग प्लेट, आणि तड्याची भरणी हे सगळ्यात सोपं काम.

प्लेटसाठी इतवारीत लोहा ओळीत गेलो तो नेमका मारबतीचा दिवस. पोळ्याचा दुसरा दिवस हे नागपूरकराने विसरावं! काळी आणि पिवळी, इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या दोन्ही मारबतींचे पुतळे मिरवणुकीत निघालेले, रस्ते गच्च, चारी बाजूंनी “घेऊन जा गे मारबत” चालू. मीही मनातल्या मनात चेसिसचा तडा घेऊन जा म्हटलं आणि रिकाम्या हाताने परत आलो. दुसऱ्या दिवशी ४ मिमीची प्लेट आणली. दुकानदार ८ मिमीची घ्या म्हणत होता. चेसिसचा पत्रा ३ मिमीच्या आसपास आहे. त्यावर ८ मिमीची प्लेट लावली तर प्लेटला काही होणार नाही, ती संपते तिथे चेसिस मोडेल.

साचा संत्र्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापला. प्लेटची टोकं चौकोनी ठेवली नाहीत, माशाच्या तोंडासारखी निमुळती केली, कारण चेसिसला आडवा छेद देणारं उभं वेल्डिंग म्हणजे पुढच्या तड्याला निमंत्रण. वरच्या आणि खालच्या काठावर वेल्डिंग अजिबात नाही. मधे १४ मिमीची सहा भोकं पाडली, त्यांतून प्लग वेल्ड भरायला, म्हणजे भोकात वेल्डिंग भरून प्लेट खालच्या पत्र्याला जोडायला.

नळ्यांसाठी पेटीची रुंदी चार जागी मोजली, चारही वेगळ्या: ५०.५ पासून ५२ मिमीपर्यंत. दबलेल्या भिंती आधी जॅकने बाहेर आणल्या, मग लेथवाल्याकडून २२ मिमी बाहेरची, १२.५ मिमी आतली अशा नळ्या प्रत्येक भोकाच्या मापाने कापून घेतल्या.

वेल्डिंग कामठी रोडवरच्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये. हात त्यांचा, हट्ट माझा. त्यांच्याकडे जुना एसी ट्रान्सफॉर्मर आणि नेहमीचे ६०१३ वेल्डिंग रॉड. मी भाड्याने डीसी इन्व्हर्टर आणि ७०१८ या जास्त मजबूत रॉडचं बंद पाकीट घेऊन गेलो. ७०१८ ला ओल चालत नाही, आणि भादव्यातल्या नागपूरच्या हवेत उघडं पाकीट दुसऱ्या दिवशी वापरायची माझी तयारी नव्हती. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, एवढी कारागिरी काऊन करून राहिले? चार टाके मारतो, वरून ट्रक जाईल.” मी म्हटलं, मिस्त्री, ट्रक वरून जाणार नाही, मी आत बसणार आहे. हसले आणि मग मनापासून केलं.

बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, अर्थ क्लॅम्प तड्यापासून वीतभर अंतरावर लावला. तड्याच्या टोकांना ५ मिमीची भोकं पाडली म्हणजे तो पुढे पळणार नाही, जुना मणी घासून टाकला, खाच केली आणि २.५ मिमीच्या रॉडने ८५ अँपिअरवर भरलं. मग वरून सपाट घासलं, प्लेट बसवली. भंगारवाल्याकडून आणलेला मेलेला बॉक्स साच्यासारखा बोल्टांनी कसून ठेवला, कारण चांगला बॉक्स ठेवला असता तर त्याचे सील तापले असते. एका वेळी इंचभर टाका, मग दुसऱ्या कोपऱ्यात, मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ देणं. याच वाट पाहण्यात तीन वेळा चहा झाला.

दोन गडबडी झाल्या. पेटीच्या आत राहिलेला डांबराचा थर धुमसायला लागला आणि पुढच्या टोकातून धूर निघाला. ओलं पोतं आणि फायर एक्स्टिंग्विशर शेजारीच होते, पोत्यावर भागलं. दुसरी माझीच: चौथ्या नळीच्या तोंडाशी वेल्डिंगने धातू इतका आवळला की साच्याचा बोल्ट बाहेर येईना. ठोकून काढला, नळी रीमरने साफ केली, तासभर गेला. बोल्टांना आधी कॉपर ग्रीस लावलं असतं तर हे टळलं असतं. लावायचं लिहूनही ठेवलं होतं.

थंड झाल्यावर पुन्हा लाल डाय. रेघ नाही. आतून वॅक्स, बाहेरून झिंक प्रायमर आणि काळा रंग. १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, नवे बोल्ट असे निवडले की नळीत आटे न येता गुळगुळीत दांडा येतो.

आता तीच तपासणी: भाचा वर, मी खाली. बॉक्स गप्प, चाक वळतं. ‘कट्’ गेला. त्याऐवजी पूर्ण वळणावर पंपाच्या बेल्टची किंचाळी ऐकू येते, जी आधीही असावी, ऐकू येत नव्हती इतकंच.

प्रत्येक नट आणि त्याशेजारच्या चेसिसवर मिळून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आहे, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. उमरेड रोडवर दोनशे किलोमीटर फिरवून पाहिलं, चारपैकी तीन रेघा जुळलेल्या, एक केसभर सरकली. तो नट पुन्हा आवळला. उजव्या आणि डाव्या चेसिसला जोडणारा आडवा दांडा अजून बाकी आहे. रेडिएटरच्या खालच्या पाइपाशी तो कसा चुकवायचा हे कोणी केलं असेल तर फोटो टाका.