तुम्ही विचारलंत म्हणून: राजकुमारी सिंग यांचं एवढं कौतुक का?

कवितेच्या गप्पांमध्ये मी गयानाच्या कवयित्री राजकुमारी सिंग यांचं नाव काढलं की हमखास कुणीतरी विचारतं, अहो पण त्यांची पुस्तकं तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, मग एवढं कौतुक कशाचं? परत विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गयाना हा दक्षिण अमेरिकेतला छोटा देश. 1838 ते 1917 या काळात इंग्रजांनी तिथल्या ऊसमळ्यांवर राबायला भारतातून 2 लाख 38 हजारांच्या वर माणसं करारावर नेली, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातली, कलकत्त्याहून जहाजात बसवून. त्यांना तिकडे कुली म्हणत आणि पुढे मुलानातवंडांनाही तीच शिवी ऐकावी लागली. राजकुमारी त्याच समाजातल्या, जन्म 1923 चा. वडील डॉ. जंगबहादूर सिंग, डॉक्टर आणि मोठे पुढारी. आई अ‍ॅलिस मूळच्या सुरिनामच्या, त्यांनी 1929 मध्ये जॉर्जटाऊनला भारतीय वंशाच्या बायकांच्या मंडळातर्फे 'सावित्री' नाटक बसवलं, म्हणजे घरात रंगमंचाचं वारं आधीपासूनच. राजकुमारींना लहानपणीच पोलिओ झाला, तरी संसार, मुलंबाळं, कविता, गोष्टी, नाटकं, रेडिओ सगळं केलं.

आता मुद्द्याचं. त्यांची 'पर आजी' नावाची कविता आहे, पणजीला उद्देशून, जी पहिल्यांदा बोटीतून त्या किनाऱ्याला लागली तिला. स्वप्नात ती पणजी दिसते, तिचे काळेभोर डोळे धुक्यातून पलीकडचा किनारा शोधतायत, पायात वाळे आणि ती बोटीवर तोल सावरत उभी, साहेबाची नजर तिच्या अंगावरून फिरतेय, आणि तरी खांदे ताठ, मान वर, डोळ्यात आव्हान. कवितेचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, स्तोत्रात देवाला हाक मारतात तसलं, आणि काही लोकांना ते कृत्रिम वाटतं. मला अजिबात नाही वाटत. मळ्याच्या रजिस्टरमध्ये जिची नोंद मजूर म्हणून झाली, तिला देवाशी बोलायच्या भाषेत हाक मारायची, यात केवढा मान आहे बघा! आधी कुणी दिला होता तिला तो मान?

1973 मध्ये त्यांनी एक लेख लिहिला, 'मी कुली आहे'. त्या शिवीपासून पळू नका, ती अभिमानाने मिरवा आणि जगाला ठणकावून सांगा, असं त्यांचं म्हणणं. सुशिक्षित घरातल्या बाईने असं लिहायला छाती लागते, कारण त्या वर्गातले लोक हा शब्द आपल्याला चिकटू नये म्हणून धडपडत होते.

आणि पुस्तकं कमी का, याचं माझ्या मते खरं उत्तर हे की त्यांचा बराच वेळ दुसऱ्यांना घडवण्यात गेला. त्यांच्याभोवती 'मेसेंजर ग्रुप' जमला, महादाई दास, रूपलाल मोनार अशी तरुण मंडळी त्यात होती, आणि कुलींची म्हणून हिणवली गेलेली गाणी, नाच, गोष्टी लोकांसमोर मांडायच्या हे त्यांचं काम. महादाई पुढे गयानाच्या महत्त्वाच्या कवयित्री झाल्या. राजकुमारींचा मुलगा गोरा सिंग नामवंत नर्तक झाला, मुलगी प्रीथा सिंग यांनी न्यूयॉर्कमध्ये आईच्या नावाने सांस्कृतिक केंद्र काढलं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गयानाचे तेव्हाचे पंतप्रधान बर्नहॅम यांच्या सरकारने 1974 मध्ये नॅशनल सर्व्हिस, म्हणजे तरुण मुलामुलींना कॅम्पवर ठेवून देशासाठी काम करायला लावणारी सरकारी संस्था, सुरू केली तेव्हा पोरींना आतल्या भागातल्या कॅम्पवर पाठवायला कितीतरी भारतीय वंशाच्या घरांचा विरोध होता, आणि राजकुमारी त्याच संस्थेत सांस्कृतिक काम बघत होत्या. त्यावरून आजही त्यांच्यावर टीका होते आणि ती उगाच नाही. मला वाटतं, सगळ्या वंशांच्या पोरांसमोर आपली कला न्यायची संधी त्यांना तिथे दिसली असेल, पण महादाईसुद्धा आधी त्यात सामील झाल्या आणि नंतर भ्रमनिरास होऊन विरोधकांच्या बाजूला गेल्या, हे विसरून चालणार नाही.

1979 मध्ये राजकुमारी गेल्या. वाचायला सुरुवात करायची तर आधी 'पर आजी' वाचा, मोठ्याने वाचा, आणि मग लगेच महादाईंची जहाजातून आलेल्यांवरची कविता घ्या, पणजीचा तोच प्रवास पण तिथे राग उघड आहे आणि भाषा एकदम वेगळी. दोन्ही वाचून झाल्या की मला नक्की कळवा.