नवरंग: रंगांच्या आधी शीळ

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला, वळवाची एक बरी सर पडून गेली आणि नागपूरच्या गोरेवाडा जंगलाकडच्या झाडोऱ्यातून नवरंग पक्ष्याची शीळ यायला लागली. दक्षिण भारतात नाहीतर श्रीलंकेत हिवाळा काढून हा पाहुणा विणीसाठी आपल्याकडे येतो. जूनमध्ये नागपुरात साडेपाचलाच उजाडतं, म्हणजे घरून निघायचं ते अंधारातच.

यंदाची प्रगती म्हणाल तर एवढीच, की रंग शोधणं सोडून दिलं. फोटोत हिरवी पाठ, पंखावरचा चमकदार निळा डाग, सगळं कसं लख्ख असतं. सागाखालच्या सावलीत, वाळक्या पाल्यावर तोच पक्षी मातकट होऊन बसतो. लाल रंग तर पोटाच्या खालच्या भागाला आणि शेपटीखाली. पाठमोरा असला की तो दिसत नाही.

म्हणून आधी कान. दोन सुरांची स्वच्छ शीळ, पहाटे आणि संध्याकाळी जास्त. शीळ घालताना तो डोकं मागे टाकतो, तेही बरेचदा फांदीवर बसून, त्यामुळे नुसती जमीन न्याहाळत राहिलात तर हातचा जातो. मग आकार: साधारण १९ सेंमी, अंगाने भरलेला, पाय उंच आणि शेपटी जवळजवळ नाहीच. तिसरी खूण डोळ्यावरची जाड काळी पट्टी. ती सावलीतही लपत नाही.

त्याच पाल्यात नारिंगी डोक्याचा कस्तुरही पानं उलटत असतो. आपल्याकडच्या कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन उभ्या गडद रेघा असतात, शिवाय शेपटी चांगली लांब. उडताना नवरंगाच्या काळ्या पंखात पांढरा ठिपका झळकतो. तसं पांढरं खंड्याच्याही पंखात असतं, पण त्याची ती मोठी लाल चोच जाणार कुठे?

मोबाइलवर शीळ वाजवून त्याला बोलावणारे काही भाऊ आपल्यात आहेत. हद्द राखायला बिचारा ऐन विणीत धावत येतो आणि यांना फोटो मिळतो. मला हे अजिबात पटत नाही.

घरटं म्हणजे पानं-गवत-काटक्यांचा गोल घुमट, जमिनीवर किंवा बुटक्या फांदीवर. चोचीत पाला घेऊन जाणारा दिसला, की मी मागे फिरतो आणि ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, ढोबळ जागा टाकतो, नेमकं झाड नाही. जुलैत झाडोरा गच्च झाला की दिसणं कमी होतं; मग बहुतेक शिळेच्याच नोंदी.