आठ फुटांवरची रेघ

नोकरीच्या निमित्ताने १९६९ च्या हिवाळ्यात मी लंडनला आलो, आणि कारखान्यातले सहकारी संध्याकाळी ज्या पबमध्ये जमत, तिथे पहिल्याच आठवड्यात माझ्या हाती बोर्डावर फेकायचा छोटा बाण, म्हणजे डार्ट नव्हे, तर खडू आला. डार्ट्सच्या बोर्डाशेजारी एक काळी पाटी असे, आणि प्रत्येक फेरीतील तीन डार्टांचे गुण ५०१ मधून वजा करून तिच्यावर मांडण्याचे काम नवख्या माणसाकडे दिले जाई. इंग्रजी बोलताना मी अजून अडखळत होतो. मात्र ‘एकोणीस त्रिक सत्तावन्न’ हे शाळेत घोकलेले पाढे मनात आपोआप चालत, आणि डार्ट बोर्डातून उपसले जाण्यापूर्वीच पाटीवर आकडा लिहून झालेला असे. त्या खडूमुळेच मी तिथल्या मंडळीत सामावला गेलो, असे मला आजही वाटते.

या मंडळींचे सारे वर्ष ज्या स्पर्धेभोवती फिरे, ती म्हणजे ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राची वैयक्तिक डार्ट्स स्पर्धा. १९२७-२८ च्या हंगामात ती केवळ लंडन परिसरापुरती सुरू झाली, तेव्हा सुमारे १,००० खेळाडू उतरले होते आणि सॅमी स्टोन पहिला विजेता ठरला. पुढे एकेका प्रदेशाची भर पडत गेली, आणि १९३८-३९ च्या हंगामात सर्व प्रदेश मिळून २,८०,००० हून अधिक नावे आली. त्या वर्षी लंडनच्या रॉयल ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये मार्माड्यूक ब्रेकनने नामांकित जिम पाइकला हरवले, तेव्हा १४,५३४ प्रेक्षक हजर होते. पबमधील वयस्कर मंडळी हा आकडा शेवटच्या चारासकट सांगत. युद्धानंतर १९४७-४८ मध्ये स्पर्धा खऱ्या अर्थाने राष्ट्रीय झाली, आणि ते पहिले विजेतेपद हॅरी लेडबेटरला मिळाले.

तिची रचनाच अशी होती की कोणालाही आपला क्रमांक लागेल असे वाटावे. खेळाडूने प्रथम आपल्याच पबचा विजेता ठरायचे, तिथून पुढच्या फेऱ्या जिंकत विभागापर्यंत पोहोचायचे, आणि अखेरच्या दिवशीही त्याच्या नावासोबत पबचे नाव पुकारले जायचे. सामना ५०१ च्या तीन डावांचा, म्हणजे ५०१ गुण आधी शून्यावर आणून दोन डाव जिंकले की संपला. डावाचा शेवट डबलवरच, म्हणजे गुण दुप्पट देणाऱ्या बाहेरच्या अरुंद पट्टीवरच व्हायला हवा. इतक्या छोट्या सामन्यात नावाजलेल्या खेळाडूला चूक सावरण्याची उसंत मिळत नाही, आणि एखाद्या सुताराचा किंवा खाणकामगाराचा हात त्या दिवशी लागला तर तो कोणालाही घरी पाठवू शकतो. शिवाय खेळाडूने जिच्यामागे उभे राहून डार्ट फेकायचा, ती रेघ बोर्डापासून पूर्ण आठ फुटांवर असे. आज सर्वत्र मान्य असलेल्या २.३७ मीटरपेक्षा हे अंतर सुमारे सात सेंटिमीटरने अधिक आहे, आणि कागदावर क्षुल्लक वाटणारा हा फरक डबलच्या अरुंद पट्टीवर नेम धरताना किती भारी पडतो, हे मी वर्षानुवर्षे पाटीजवळ उभा राहून पाहिले आहे.

वसंतात अंतिम सामने आले की आम्ही सारे लंडनमधल्या अलेक्झांड्रा पॅलेस या सभागृहाची टेकडी चढत असू. वेगवेगळ्या गावांतून बस भरभरून आलेले लोक आपापल्या पबच्या नावाचे फलक उंचावत, ओरडून घसा बसवून घेत, आणि खेळाडू रेघेवर उभा राहिला की तेच प्रचंड सभागृह अचानक निःशब्द होई. ती शांतता मला गोंगाटापेक्षा अधिक आठवते. आमच्या पबचा कोणीही तिथवर पोहोचला नाही, तरी प्रत्येक शरद ऋतूत आमची पहिली फेरी त्याच गांभीर्याने खेळली जाई.

१९७८ मध्ये अंतिम सामने वेम्ब्लीला गेले आणि त्याच वर्षी स्वीडनचा स्टेफन लॉर्ड जिंकला. हे विजेतेपद मिळवणारा तो पहिला परदेशी खेळाडू. लोकांनी त्याच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या, आणि त्या गर्दीतल्या माझ्यासारख्या परक्या माणसाला त्याचे फार अप्रूप वाटले. पुढच्या वर्षी बॉबी जॉर्ज एकही डाव न गमावता जिंकला. नंतर एरिक ब्रिस्टोने १९८३ आणि १९८४ मध्ये, तर माइक ग्रेगरीने १९८७ आणि १९८८ मध्ये लागोपाठ विजेतेपद राखले. जगज्जेतेपदाची वेगळी स्पर्धा १९७८ पासूनच सुरू झाली होती, तरी आमच्या पबमध्ये ‘मोठी’ म्हटले की हीच स्पर्धा समजली जाई.

१९९० मध्ये पॉल कुक जिंकला आणि स्पर्धा थांबली. १९९७ मध्ये ती एकदाच पुन्हा भरली, फिल टेलर विजेता ठरला, आणि मग ती कायमची बंद झाली.

अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये २००८ पासून जगज्जेतेपदाचे सामने होतात. मी ते घरी बसून पाहतो. पडद्यावर उरलेले गुण आपोआप दिसतात, तरीही ते दिसण्याआधी ‘वीस त्रिक साठ’ माझ्या ओठांवर येते आणि उजव्या हाताची दोन बोटे खडू धरल्यासारखी जुळतात.