खाऱ्या हवेतली कॉर्टिना

१२ मे

लिलाव आज उघडला. २० तारखेला संपणार. इंग्लंडमधले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा. फोर्ड कॉर्टिना लोटस, १९६६ ची, उजव्या हाताचं स्टिअरिंग, पांढरा रंग, बाजूने हिरवा पट्टा. दोनशेच्या वर फोटो आहेत. मी समोरचे उघडलेच नाहीत, आधी गाडीच्या पोटाखालचे उघडले. चौतीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली, आणि त्याच्या आधी इथे रत्नागिरीजवळ मिऱ्यातच लहानाचा मोठा झालो. लोखंडाची तब्येत चेहऱ्यावरून कळत नाही, तळ बघावा लागतो.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात 'बसरा स्टार' भरकटत येऊन आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. खलाशी वाचले, जहाज तिथेच राहिलं. लोक फोटो काढायला यायचे. मी संध्याकाळच्या फेरीत त्याच्या पत्र्याकडे बघायचो. आधी रंगाला फोड आले, मग वेल्डिंगच्या सांध्यांतून तांबडे ओघळ, मग हाताने सोलता येतील असे पापुद्रे. एवढं मोठं जहाज समुद्राने सावकाश खायला घेतलं होतं. ते बघून रात्री झोप लागायची नाही. आणि आता त्याच किनाऱ्यावर साठ वर्षांची गाडी आणायचं माझ्या मनात आहे.

१३ मे

ही गाडी पहिल्यांदा बघितली वीस-बावीस वर्षांपूर्वी. जहाज साउदॅम्प्टनला होतं. माझा सेकंड इंजिनियर स्कॉटलंडच्या सीमेकडचा, मेंढपाळांच्या मुलखातला. दोघांनाही एक दिवस मोकळा मिळाला तसा तो मला गुडवुडला जुन्या गाड्यांच्या शर्यतीला घेऊन गेला. वळणावर एक पांढरी कॉर्टिना आली ती तीन चाकांवर. आतल्या बाजूचं पुढचं चाक जमिनीपासून वीतभर वर, आणि गाडी मात्र रुळावरून गेल्यासारखी शांतपणे वळून निघून गेली. मी त्याचा दंड धरला होता, ते मला नंतर कळलं.

तो म्हणाला, आमच्याकडचा जिम क्लार्क ही अशीच चालवायचा. शेतकऱ्याचा मुलगा. १९६४ सालची ब्रिटिश सलून कार स्पर्धा त्याने याच गाडीवर जिंकली. १९६३ आणि १९६५ ला फॉर्म्युला वनचा जगज्जेता, आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये हॉकेनहाइमच्या शर्यतीत अपघाताने गेला. माझ्या मित्राच्या गावात अजूनही त्याचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात.

चाक उचलतं ते ड्रायव्हरच्या करामतीमुळे नाही. पुढची बाजू ताठ ठेवलेली, त्यामुळे वळणात कलण्याचा बराचसा भार पुढेच घेतला जातो आणि मागची दोन्ही चाकं रस्ता सोडत नाहीत. ओढायचं काम मागच्या चाकांचं, तेव्हा ती जमिनीला हवीत. पुढचं एक अधांतरी राहिलं तरी चालतं. इतका साधा आणि इतका धीट विचार मला फार थोड्या यंत्रांत दिसला आहे.

१५ मे

लिलावात याच आठवड्यात दुसरीही एक कॉर्टिना आहे, १९६३ ची. जाणकार तिच्यामागे आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. शर्यतीच्या नियमाप्रमाणे गाडी पात्र ठरायला हजार नग बांधून दाखवावे लागत. फोर्डने ते काम शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनकडे दिलं. फोर्डकडून आलेल्या बॉडीत लोटसने चेशंटच्या कारखान्यात १५५८ सीसीचं ट्विन-कॅम इंजिन बसवलं, दोन वेबर कार्ब्युरेटर, १०५ अश्वशक्ती. सुरुवातीच्या त्या गाड्यांना दारं, बॉनेट, डिकी सगळं अॅल्युमिनियमचं, आणि मागे लीफ स्प्रिंगच्या, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या थरांच्या, जागी कॉइल स्प्रिंग आणि ए-आकाराचा ब्रॅकेट. कागदावर देखणी रचना. पण त्या ब्रॅकेटच्या ताणाने डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचे, बोल्ट सैल पडत, तेल गळून रबरी बुश भिजत आणि मऊ पडत. १९६५ मध्ये त्यांनी पुन्हा लीफ स्प्रिंग लावल्या.

मला १९६६ चीच हवी आहे. १९६३ च्या गाडीला पैसे पुरले असते तरी हीच घेतली असती. अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी सांगाड्यावर दुमडलेला, मधे खारट दमट हवा. म्हणजे बॅटरीच झाली ती. दोन धातू एकमेकांना लागून असले आणि मधे मीठ-पाणी असलं की त्यातला एक झिजतोच. म्हणून तर जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, की खायचं तर त्यांना खा. गाडीच्या दाराला कुठून लावू जस्त? १९६६ च्या गाडीला दारंही पोलादाची. जड आहे, साधी आहे, आणि इथे टिकेल.

हिने रात्री जेवताना विचारलं, "अहो, गाडी आवडली हे कळलं. पण ती इथे सुखाने राहील का, ते आधी सांगा." पुण्याचा फ्लॅट विकून आलेले पैसे खर्च करायला तिची हरकत नाही. तिचा प्रश्न गाडीच्या बाजूने होता. मी आंबा चोखत बसलो, उत्तर दिलं नाही.

१७ मे

मित्र आज पाच तास गाडी चालवून कॉर्टिना बघायला गेला. त्याला यादी दिली होती. पुढच्या सस्पेन्शनचे खांब वर जिथे बसतात तो पत्रा, दोन्ही सिल, म्हणजे दारांखालच्या पट्ट्या, स्टेपनीचा खड्डा, आणि पुढच्या खिडकीचे कोपरे. लोहचुंबक घेऊन जा. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. आणि पोचल्या पोचल्या आधी बॉनेटवर हात ठेव. इंजिन गार असलं पाहिजे. विकणारा गरम करून ठेवतो, म्हणजे दोष लपतात.

इंजिन गार होतं. मी इथे गच्चीत, कानाला फोन. स्टार्टर फिरला, एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्याला घेतलं. सुरुवातीला पुढून चेनची खरखर, सात-आठ सेकंद. मग तेल वर चढलं तशी ती गेली आणि खाली दोन कार्ब्युरेटरांचा तो ओढून घेतल्यासारखा श्वास. मी त्याला म्हटलं, बोलू नकोस, फोन पुढे धर, पाण्याच्या पंपाजवळ. या इंजिनात पंप वेगळा काढता येत नाही, टायमिंग कव्हरातच बसवलेला असतो. तो गेला तर इंजिनाचं तोंडच उघडावं लागतं. दहा मिनिटं ऐकलं. बेअरिंगचा आवाज नाही.

डावं सिल नव्याने घातलं आहे, वेल्डिंग चांगलं. स्टेपनीच्या खड्ड्यात रुपयाएवढं भोक. बाकी चुंबक सगळीकडे धरतं.

पण माझा निर्णय दुसऱ्याच गोष्टीवर झाला. विकणाऱ्या आजोबांनी १९८१ पासून एक वही ठेवली आहे. मित्राने चार पानांचे फोटो पाठवले. तारीख, मैल, तेल किती घातलं, काय आवाज येत होता, कशाने गेला. एका ठिकाणी लिहिलंय की आज पाऊस, गाडी काढली नाही. आम्ही इंजिनरूममध्ये लॉगबुक लिहितो ते असंच. ज्या माणसाने चाळीसहून जास्त वर्षं अशी वही लिहिली त्याच्या गाडीवर न बघता विश्वास ठेवता येतो.

२१ मे, पहाटे अडीच

हात अजून थरथरतोय.

मर्यादा ४२,००० पौंड ठरवून कागदावर लिहिली होती आणि कागद हिच्याकडे दिला होता. साडेअकराला वळीव आला. वारा, विजा, माडाची झावळी कौलांवर पडल्याचा आवाज, आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर राउटर चालला, पण नेट मेलं. फोनचं नेट लावलं, घरात एकच दांडी येत होती, म्हणून पडवीत येऊन बसलो. ही छत्री धरून उभी, कारण पागोळ्यांचे शिंतोडे उडत होते.

शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की वेळ पुन्हा दोन मिनिटं वाढते. मी ३७,००० म्हटलं. कुणीतरी ३७,५०० म्हटलं. असं चालत राहिलं. त्या पलीकडच्या माणसाचा मला राग आला नाही, त्यालाही ती गाडी माझ्याएवढीच हवी असणार. माझ्या ४०,५०० च्या बोलीनंतर पलीकडून काही आलं नाही आणि पडद्यावरचे आकडे उतरू लागले. एक मिनिट. चाळीस सेकंद. हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. शून्य झालं, आणि माझ्या नावापुढे हिरवी खूण आली.

वर लिलावाचं कमिशन, जहाजभाडं, विमा, आणि इकडचं शुल्क. ते शुल्क गाडीच्या किमतीहूनही जास्त होईल. हे सगळं आधी मांडून ठेवलेलं आहे, त्यात आश्चर्य नाही.

आईला सकाळी सांगायचं आहे. तिने बाबांची फियाट आठवली तर बरं.

३ जून

कागदपत्रं. पूर्वी परदेशातून जुनी गाडी परवान्याशिवाय आणायची तर ती १९५० च्या आधी बनलेली लागे. २०२५ मध्ये तो नियम बदलला, आता पन्नास वर्षांहून जुनी चालते. हा बदल झाला नसता तर माझं हे सगळं गच्चीवरून बघण्यापुरतंच राहिलं असतं. नोंदणी २०२१ च्या व्हिंटेज नियमांखाली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. बऱ्याच कॉर्टिना शर्यतीत ठोकल्या जाऊन दुसऱ्या बॉडीत गेल्या. हिची मूळ बॉडी आहे, हे त्या वहीमुळे दाखवता येतं.

रोज बाजारात न्यायची ही गाडी नाही, कायद्यानेही नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. मला तेवढं पुष्कळ आहे. भाट्याच्या पुलावरून मात्र नेणार नाही. तिथे भरतीच्या वाऱ्याबरोबर मीठ उडतं.

१६ जून

पाऊस लागला. न्हावा-शेव्याला कंटेनर उतरायला अजून दीड महिना, तोवर जेवताना हिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तयार व्हायला हवं.

गाडीखोली चिऱ्याची आहे. जांभा पाणी पितो आणि श्रावणापर्यंत आत सोडत राहतो. गवंडी म्हणाला, "साहेब, पंखा लावा, हवा खेळती ठेवा." घरासाठी ते बरोबर. पण इथली खेळती हवा म्हणजे समुद्रच आत घेणं. बंद पडून असलेल्या जहाजाचं इंजिन जपायचं तर उलट करतात, सगळी तोंडं बंद करून आतली हवा कोरडी करतात. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली तर गंज जवळजवळ थांबतो. हे मी परक्या बंदरांत दोनदा केलं आहे, मोठ्या यंत्रांसाठी.

म्हणून जमीन उकरून खाली जाड प्लास्टिक अंथरलं, वर कोबा केला. आतून भिंतींना ओल अडवणारा लेप. दाराला चारी बाजूंनी रबर. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र कोपऱ्यात, त्याची नळी बाहेरच्या गटारात. ही म्हणाली, माझ्या पापडांनाही जागा ठेवा आत. ठेवली आहे, एक फळी.

आज संध्याकाळी दार लावून तीन तास यंत्र चालवलं. बाहेर पडवीत ९३ टक्के. आत टॉर्च घेऊन गेलो, ५८. दाराच्या खालच्या कोपऱ्यातून अजून हवा येते आहे, तिथे उद्या रबर बदलायचं.