एवढं लांब गाणं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. लोक घड्याळाकडे बघायला लागतात. प्रश्न मात्र ठरलेला आहे. घरी रेकॉर्ड लावली की आलेल्यांपैकी कुणीतरी दहाव्या मिनिटाला म्हणतंच, "अजून तेच गाणं चालू आहे?" आणि मग, "हे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नक्की काय हो? कुणी सुरू केलं?" गाण्यातली माणसं असली तर उत्तरही स्वतःच सुचवतात: "म्हणजे आपल्या बड्या ख्यालासारखंच ना? सावकाश फुलवत न्यायचं."

नाही हो. ख्यालात राग एक, बंदिश एक, आणि बाकीचं त्या दिवशी गायकाला जसं सुचेल तसं. प्रोगमधली (प्रोग्रेसिव्ह रॉकला थोडक्यात प्रोगच म्हणतात) वीस मिनिटं जवळजवळ सगळी आधी बांधलेली असतात, आणि तीसुद्धा तुकड्यातुकड्यांनी. एक तुकडा एका लयीतला, दुसरा भलत्याच. एक चर्चमधून उचलल्यासारखा, दुसरा जॅझमधून. ते तुकडे असे सांधायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यानंतर हेच यायला हवं होतं. या संगीताची ओळख मला विचाराल तर या जोडकामात आहे. लांबी त्यातून ओघानेच येते.

हे संगीत इंग्लंडचं, त्यातही बरंचसं दक्षिण इंग्लंडचं. साठच्या दशकातले ब्रिटिश बँड अमेरिकेतल्या काळ्या गायकांचा ब्लूज ऐकून, घोटून वर आले. त्यांच्या मागोमाग आलेल्या पोरांनीही ब्लूज ऐकला होता, पण त्यांच्या कानात आधीपासून दुसरंच काही बसलेलं होतं: शाळेतली प्रार्थनागीतं, चर्चचा ऑर्गन, पियानोच्या परीक्षा. 'येस'चा बेस वाजवणारा ख्रिस स्क्वायर लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गात असे. 'जेनेसिस'ची मूळ मंडळी चार्टरहाऊस या महागड्या निवासी शाळेत भेटली. पुढे 'येस'मध्ये कीबोर्ड वाजवणारा रिक वेकमन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकत होता. स्टुडिओत वाजवायची कामं मिळू लागली तसं त्याने ते शिक्षण अर्धवट सोडलं. अशा मुलांनी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतल्यावर जे होईल ते झालं. म्हणून प्रोगमध्ये प्रेमगीतं फारशी शोधू नका. तिथे राक्षस भेटतील, प्रलय भेटेल, अंतराळ भेटेल, पण साधा विरह क्वचित.

सुरुवात एका तारखेला झाली असं म्हणता येत नाही, पण १९६७ हे वर्ष टाळताही येत नाही. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' त्या वर्षी आला आणि स्टुडिओ हेसुद्धा एक वाद्य आहे हे सगळ्यांना कळलं. प्रोकोल हारमच्या एका गाण्याने जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या वळणाचा ऑर्गन थेट हिट गाण्यांच्या यादीत नेऊन बसवला. आणि बर्मिंगहॅमच्या मूडी ब्लूजने 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' काढला: पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, बँडची गाणी आणि मधेमधे पूर्ण ऑर्केस्ट्रा. गंमत अशी, की बँडचं आणि ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण वेगवेगळं झालं होतं. ते एकत्र आले ते टेपवर. जोडकाम तेव्हापासूनचं.

या बँडमधला माइक पिंडर पूर्वी मेलोट्रॉनच्या कारखान्यात कामाला होता, आणि मेलोट्रॉन कळल्याशिवाय प्रोगचा आवाज कळत नाही. दिसायला हा लहानसा ऑर्गन. आत प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक फीत, आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गाणाऱ्या माणसांचा एकेक सूर आधीच मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते आणि सूर वाजतो. सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते. फीत जेमतेम आठ सेकंदांची. म्हणजे पट्टी कितीही वेळ दाबून धरा, आठव्या सेकंदाच्या आसपास आवाज बंद! वादकाला त्याआधी हात हलवावाच लागतो. त्यात फिती कुरकुरत, सूर किंचित हलत. तो खऱ्या व्हायोलिनांचा ताफा वाटत नाही, व्हायोलिनांचं भूत वाटतं. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'च्या आरंभी ऐकू येणाऱ्या बासऱ्या याच पेटीतल्या. जेनेसिसच्या 'वॉचर ऑफ द स्काइज'च्या सुरुवातीचे ते जडशीळ स्वरसमूहही याच जातीच्या पेटीतून आलेले. ऑर्केस्ट्रा परवडत नव्हता म्हणून घेतलेल्या सोयीचा असा स्वतःचा आवाज झाला.

आता "कुणी सुरू केलं" याला मला एकच नाव द्यायला लावलंत, तर मी किंग क्रिमसन म्हणेन. ५ जुलै १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम झाला. लाखोंची गर्दी होती, आणि स्टोन्सच्या आधी वाजवणाऱ्यांत हा नवखा बँड होता. एकही रेकॉर्ड अजून बाजारात नव्हती. ऑक्टोबरात त्यांची पहिली रेकॉर्ड आली, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग'. मुखपृष्ठावर किंचाळणारा लालबुंद चेहरा. पहिलंच गाणं 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'. गायकाचा आवाज मुद्दाम फाडलेला, मग अचानक वेग दुप्पट झाल्यासारखा वाटतो, आणि सॅक्सोफोन, गिटार, ड्रम एकाच वेळी तेच तुटक वाक्य म्हणतात. मधे पूर्ण शांतता. पुन्हा वाक्य, पुन्हा शांतता. चार माणसं एका श्वासात थांबतात आणि एका श्वासात सुटतात. ते वाजवताना कुणी हिशेब चुकला तर पळायला जागा नाही. या रेकॉर्डमध्ये पुढच्या पाच वर्षांचा सगळा माल आहे: मेलोट्रॉन, जॅझ, काव्य, दुःस्वप्न, आणि थोडा कंटाळाही. 'मूनचाइल्ड'चा उत्तरार्ध मी आजही पुढे ढकलते.

जोडकाम बघायचंच असेल तर मात्र १९७२ मध्ये या. येसचं 'क्लोज टू द एज' हे गाणं पावणेएकोणीस मिनिटांचं, रेकॉर्डची एक अख्खी बाजू. तेव्हाच्या बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं बरी मावत; त्याहून जास्त कोंबली की आवाज पडतो. प्रोगच्या 'महाकाव्यां'ची लांबी बहुतेक वेळा त्या प्लास्टिकच्या तबकडीने ठरवलेली आहे, कुठल्या दिव्य प्रेरणेने नव्हे. लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत बँड काही मिनिटांचा तुकडा बसवायचा, मुद्रित करायचा, मग पुढचा. आणि ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड ब्लेडने टेप कापून ते एकमेकांना चिकटवायचा. एकदा हवा तो तुकडा सफाई करणाऱ्याने कचऱ्यात टाकला आणि सगळे डबा उपसत बसले, असा किस्सा सांगितला जातो. मधल्या शांत भागानंतर घुमणारा पाइप ऑर्गन तर स्टुडिओतला नाहीच. तो वेकमनने लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये जाऊन वाजवला आणि नंतर गाण्यात आणून जोडला. आता तो क्षण ऐका, सांधा सापडतो का बघा.

त्याच वर्षीचं जेनेसिसचं 'सपर्स रेडी' जवळजवळ तेवीस मिनिटांचं आणि सात भागांचं. त्यातला 'विलो फार्म' हा विदूषकी भाग मुळात वेगळं गाणं म्हणून तयार होता. तो उचलून ऐन मध्यात घातला. इथे सांधा लपवलेला नाही, उलट दाखवलाय. गंभीर चाललेलं नाटक थांबतं, गायक पीटर गॅब्रिएल फुलाचा मुखवटा घालून रंगमंचावर येतो, आणि त्यानंतर नऊच्या छंदात प्रलय सुरू होतो. खाली ठेका नऊ मोजतोय आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन त्या नऊला न जुमानता आपल्या वाटेने चाललाय. माझ्यापुरतं संपूर्ण प्रोगमधलं हे सर्वोच्च ठिकाण.

तालाचं निघालंच आहे तर सांगते. लहानपणी तबल्याच्या क्लासला बसवलं होतं, त्यामुळे मात्रा मोजायची खोड गेली नाही. रॉकमध्ये सगळं चारात चालतं; प्रोगवाल्यांनी पाच, सात, नऊ आणले आणि पाश्चात्त्य लेखक त्याचं केवढं कौतुक करतात! रूपक आणि झपतालावर वाढलेल्या आपल्या कानाला त्याचं काय एवढं? पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत आहे. रूपक धरून बघा: विभाग जुळणार नाहीत, पण आवर्तन बरोबर जागेवर येतं. (फ्लॉइडला प्रोग म्हणायचं की नाही यावर भांडणं होतात. मी म्हणते.) मला त्यातला ताल नव्हे, सुरुवात आवडते. नाण्यांचा खळखळाट, कागद फाडल्याचा आवाज, गल्ल्याची घंटा: असे सात आवाज, प्रत्येकाच्या टेपचा तुकडा पट्टीने मोजून कापलेला, आणि जोडून त्याचं कडं केलेलं. ते कडं फिरलं की ठेका आपोआप सातचा. पुढे सॅक्सोफोन सातातच वाजतो, गिटारची पाळी आली की मात्र सगळे निमूट चारात येतात.

दुसरं उदाहरण कॅनडाच्या रशचं, १९८१ मधलं 'वाय वाय झेड'. ही टोरोंटोच्या विमानतळाची खूण. वैमानिकांसाठी ती मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड आवाजांच्या लिपीत, प्रसारित होते आणि गाण्याचा पहिला ठेका हीच ती मोर्स. वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. झेड म्हणजे दोन लांब, दोन आखूड. लांबला दोन आणि आखूडला एक द्या: सात, सात आणि सहा. झाले वीस. चार-चारचे पाच गट, म्हणजे पाच मात्रांचं आवर्तन. ताल आधी ठरवून त्यात काही बसवलं नाही. खुणेतूनच ताल निघाला.

आणि हो, भारताचा संबंध आहे. १९७३ मध्ये येसचा गायक जॉन अँडरसन टोकियोच्या हॉटेलात परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचत होता. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार प्रकार दिले आहेत: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. तेवढ्यावर त्याने चार बाजूंची दोन रेकॉर्डांची जोडी बेतली, बाजूला एक याप्रमाणे चारच गाणी. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. तळटीपेवर ऐंशी मिनिटं! आपल्याकडचा एखादा कीर्तनकारही एवढं ताणताना विचार करेल. वेकमनला ते पटत नव्हतंच. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याच्या मदतनिसाने त्याला कार्यक्रमानंतर काय खाणार विचारलं. त्याने करीचं नाव घेतलं आणि ती कार्यक्रम चालू असतानाच रंगमंचावर आली. वेकमन कीबोर्डांवर डबे मांडून जेवला. पुढच्या वर्षी त्याने बँड सोडला. १९७५ मध्ये त्याने वेम्बलीत राजा आर्थरची कथा बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांसह सादर केली, तेव्हा दुसऱ्यांच्या अतिरेकाबद्दल बोलायला तो फारसा उरला नव्हता.

या भपक्याची टिंगल आतल्यांनीच आधी केली होती. जेथ्रो टलचा 'थिक ॲज अ ब्रिक' म्हणजे दोन्ही बाजूंवर मिळून एकच गाणं, आठ वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या कवितेवर. मुलगा खोटा, आणि वेष्टन म्हणून दिलेलं बारा पानी गावठी वर्तमानपत्रही खोटं. विडंबन म्हणून केलेलं हे काम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

१९७६-७७ मध्ये पंक, म्हणजे छोट्या गाण्यांचं साधं, रागीट रॉक, आलं आणि त्याने प्रोगला मारलं, असं सरसकट सांगतात. मला ते अर्धंच पटतं. किंग क्रिमसन त्यातल्याच गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने १९७४ मध्येच मोडला होता. गॅब्रिएल १९७५ मध्ये जेनेसिसमधून बाहेर पडला. एमर्सन, लेक अँड पामर या बँडचे तिघे १९७७ मध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले आणि खर्च झेपेना म्हणून तो मधेच सोडावा लागला. यात पंकचा काय दोष? आणि 'आय हेट पिंक फ्लॉइड' लिहिलेला शर्ट घालणाऱ्या, सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या जॉनी रॉटनने त्याच १९७७ मध्ये लंडनच्या रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्ड लावल्या, तेव्हा त्यांत व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडचा पीटर हॅमिल होता. म्हणजे अस्सल प्रोगवाला.

मुंबईलाही याची थोडी चव मिळालेली आहे. जेथ्रो टल २००८ च्या डिसेंबरात, हल्ल्यानंतर काही दिवसांतच, अनुष्का शंकरसोबत पीडितांच्या मदतीसाठी इथे वाजवून गेले. पुढच्या वर्षी पॉर्क्युपाइन ट्री हे ब्रिटिश प्रोगवाले आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवाला आले.

शेवटचा प्रश्न नेहमी असतो, "कुठून सुरू करू?" थेट वीस मिनिटांवर उडी नको. जेथ्रो टलचं 'लिव्हिंग इन द पास्ट' घ्या: तीन-साडेतीन मिनिटं, पाच मात्रा, बासरी, आणि १९६९ मध्ये चक्क हिट झालेलं. मग 'स्किझॉइड मॅन', दिवसाउजेडी. मग जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट'ची दुसरी बाजू. 'सपर्स रेडी' तिथेच आहे, पण त्याआधी स्टीव्ह हॅकेटने एकट्याने वाजवलेला 'होरायझन्स' हा दीडेक मिनिटाचा गिटारचा तुकडा आहे, बाखच्या चेलोवरून सुचलेला. लोक मोठ्या गाण्याच्या घाईत तो ओलांडून जातात. तो ओलांडू नका.